सात महिन्यांचे हात

खोताच्या वाडीत हल्ली कॅमेरे घेऊन येणाऱ्यांची वर्दळ असते. गिरगावच्या पोटात दडलेले ते अरुंद बोळ, ती लाकडी कठड्यांची कौलारू घरे, एका दारातला क्रूस आणि शेजारच्या दारातली तुळस, हे सारे चित्रात फार सुंदर दिसते. एके काळी पासष्टच्या आसपास असलेली ही घरे आता निम्म्याहूनही कमी उरली आहेत. म्हणून तर चित्रे काढणाऱ्यांची घाई अधिक. परंतु त्या घरांतील माणसे पहाटे उठून कोठे कामास जातात आणि रात्री कोणत्या अवस्थेत परततात, याचे चित्र काढावयास तेथे कोणी आलेला आमच्या तरी पाहण्यात नाही.

गेल्या आठवड्यात आम्ही तेथे गेलो होतो. वृत्तपत्राच्या व्यवसायात पडण्यापूर्वी आम्ही काही वर्षे शाळेत मुले शिकविली. त्या काळचा एक विद्यार्थी वाडीतल्या एका जुन्या घराच्या मागील दोन खोल्यांत राहतो. त्याच्या आग्रहाखातर जेवावयास थांबलो. पाने वाढली तरी घरची मुलगी परतली नव्हती. ती आली तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. तेवीस वर्षांची, मेडिकल इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेतलेली ही मुलगी पहाटे चर्नी रोडहून गाडी पकडते, वसईस उतरते, कारखान्याच्या बसने आणखी पुढे जाते आणि सात वाजता पाळीवर उभी राहते. रुग्णाच्या शिरेत सलाईन सोडण्यासाठी जी बारीक नळी बसवितात, जिला डॉक्टर कॅन्युला म्हणतात आणि वॉर्डात सगळे इंट्राकॅथ म्हणतात, ती हा कारखाना तयार करतो. सुईचे टोक आणि नळीची कड भिंगाखाली पाहून चांगले आणि वाईट वेगळे करणे, हे तिचे काम.

"काय गं, कायम झालीस की नाही अजून?" आम्ही आपले मास्तरी थाटात विचारले. बापाने मान खाली घातली. आईने न बोलता कपाटातून एक पिशवी काढून आमच्यापुढे ठेवली. तीत तीन नेमणूकपत्रे होती. तिन्ही तीन ठेकेदारांची. पहिली दोन सात-सात महिन्यांची. तिसरे प्रशिक्षणार्थी म्हणून, तेही सात महिन्यांचेच. ज्या कारखान्यात तिचे आयुष्य चालले आहे त्याचे नाव यांतील एकाही पत्रावर मालक म्हणून नाही. भिंतीवरच्या कालनिर्णयावर आईने दिवस मोजून ठेवले होते आणि अखेरच्या तारखेभोवती लाल वर्तुळ काढले होते. मुलगी हात धुऊन पानावर बसली आणि सहज बोलून गेली, "सर, नव्या मुली येतात त्यांना भिंगाखाली काय बघायचं ते मीच शिकवते. त्यांना जमायला लागलं की माझे सात महिने भरलेले असतात."

एरवी हा मजकूर आतल्या पानावर गेला असता. तो आज पहिल्या पानावर देत आहोत याचे कारण हे एक वाक्य आहे.

सातच महिने का, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. महाराष्ट्रातील आदर्श स्थायी आदेशांनी अशी तरतूद करून ठेवली होती की, बारा महिन्यांच्या अवधीत अखंड २४० दिवस सेवा झालेल्या तात्पुरत्या कामगारास कायम करावे. महिन्याचे कामाचे दिवस सव्वीस धरले तर सात महिन्यांचे १८२ दिवस होतात. म्हणजे ज्या आकड्याने कामगाराचे रक्षण करावयाचे, त्याच आकड्याकडे पाहून त्याला घरी पाठविण्याची तारीख ठरते. पुणे, चाकण, तळोजे, वसई, कोठेही जा. 'सात महिन्यांचा टेम्पररी' हा शब्दप्रयोग तेथे शिपायापासून व्यवस्थापकापर्यंत सर्वांस ठाऊक आहे. कायदा मोडला असे म्हणण्याची सोय नाही, कारण कायदा मोडलेलाच नसतो. तो फक्त टाळलेला असतो.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांत चांगले काही नाही असे आम्ही म्हणणार नाही. प्रत्येक कामगारास नेमणूकपत्र मिळाले पाहिजे, आणि ठराविक मुदतीच्या कामगारास एका वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळेल, या दोन्ही गोष्टी स्वागतार्ह आहेत. परंतु ज्याचे सात महिन्यांनी विसर्जन होते त्याचे वर्ष भरावयाचे केव्हा? आणि नेमणूकपत्रे तर या मुलीपाशी एक सोडून तीन आहेत! उलट स्थायी आदेशांची सक्ती तीनशे वा अधिक कामगारांच्या आस्थापनांपुरती राहिली. विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या १९४८ च्या कायद्यात दहा कामगारांपासून सुरू होत असे, ती आता विसांपासून सुरू होते. शस्त्रक्रियेचा किरकोळ माल बनविणारे कित्येक गाळे विसाच्या आतलेच असतात. राज्य मंत्रिमंडळानेही सप्टेंबर २०२५ मध्ये कारखान्यांतील दैनिक कामाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांवर नेण्यास मान्यता दिली. कामगाराची लेखी संमती मात्र हवी, असे त्यात आहे. लाल वर्तुळाची तारीख डोळ्यांपुढे असलेली तेवीस वर्षांची मुलगी त्या कागदावर सही करण्याचे नाकारील, अशी कल्पना मंत्रालयातील ज्या कोणा अधिकाऱ्याने केली असेल त्याला आमचा दुरूनच नमस्कार.

हा प्रश्न सगळ्याच कारखानदारीचा आहे. मग वैद्यकीय उपकरणांचीच गोष्ट वेगळी काढून का बोलता, असे कोणी म्हणेल. वेगळी काढावयास कारण आहे.

या धंद्यास सध्या राजमान्यता लाभलेली आहे. आपल्या देशाला लागणाऱ्या उपकरणांपैकी सत्तर ते ऐंशी टक्के बाहेरून येतात, असे सरकारच सांगत आले आहे. म्हणून २०२० साली ३,४२० कोटी रुपयांची उत्पादन-प्रोत्साहन योजना आली. २०२१ मध्ये उपकरणांसाठी खास औद्योगिक वसाहती उभारावयास हिमाचल प्रदेश, तामिळनाडू, मध्य प्रदेश आणि उत्तर प्रदेश ही चार राज्ये निवडली गेली. महाराष्ट्र त्यांत नाही, हे जाता जाता नमूद करून ठेवतो. २०२३ च्या राष्ट्रीय धोरणाने तर येत्या पंचवीस वर्षांत जगाच्या बाजारपेठेचा दहा ते बारा टक्के हिस्सा काबीज करण्याचे स्वप्न रंगविले आहे. स्वप्नास आमची हरकत नाही. पण ते कोणाच्या बोटांनी साकार व्हावयाचे?

आता गंमत पाहा. १ जानेवारी २०१८ पासून अमलात आलेल्या वैद्यकीय उपकरण नियमांना एक पाचवे परिशिष्ट जोडलेले आहे. गुणवत्ता कशी राखावी याचा तो पाठ आहे. मालाच्या गुणवत्तेवर ज्यांच्या कामाचा परिणाम होतो ती माणसे शिक्षण, प्रशिक्षण, कौशल्य आणि अनुभव या चारही दृष्टींनी योग्य असली पाहिजेत आणि त्याच्या नोंदी ठेवल्या पाहिजेत, असे त्यात बजाविले आहे. १ एप्रिल २०२० पासून तर सर्वच वैद्यकीय उपकरणे कायद्याच्या दृष्टीने 'औषध' ठरली आहेत. खोक्यावर बॅच क्रमांक असतो. त्या क्रमांकावरून प्लास्टिकचे दाणे कोणत्या पोत्यातले, सुई कोणत्या लॉटमधली, निर्जंतुक केव्हा केले, तपासणीवर सही कोणाची, हे सारे शोधून काढता आले पाहिजे. हे अगदी योग्य आहे. केईएमच्या किंवा नायरच्या वॉर्डात एखाद्या बालकाच्या हातात नळीचे टोक तुटले, तर ती नळी कोठून आली हे कळलेच पाहिजे. परंतु ज्या हाताने सही केली तो हात त्या वेळी कोठे असेल? तो दुसऱ्या ठेकेदाराकडे, दुसऱ्या वसाहतीत, कदाचित बिस्किटांच्या कारखान्यात पुडे बांधीत असेल. दाण्यांच्या पोत्याचा माग ठेवणारी व्यवस्था माणसाचा माग मात्र सात महिन्यांनी स्वतःच पुसून टाकते.

अनुभव ही गोष्ट वर्गात शिकविता येत नाही, हे मास्तरकी केलेला माणूस खात्रीने सांगू शकतो. भिंगाखाली सुईच्या टोकावरचा केसाएवढा बाक ओळखण्यास डोळा तयार व्हावा लागतो. मुलगी म्हणाली की, पहिले दोन महिने सगळ्याच सुया सारख्या दिसतात. तिसऱ्या महिन्यापासून वाईट सुई 'आपणहून डोळ्यात येते'. म्हणजे सातांपैकी दोन महिने शिकण्यात जातात, एखादा महिना दुसरीला शिकविण्यात जातो, आणि तयार झालेला डोळा बसमधून वसई स्टेशनवर उतरवून दिला जातो. नियमाने मागितलेला 'अनुभव' कागदावर असतो. बाकावर प्रत्येक वेळी नवशिकीच बसलेली असते. हा केवळ कामगारावरचा अन्याय नाही. या नळ्या ज्यांच्या शिरेत जातात त्या सर्वांचा, म्हणजे उद्या आमचा व वाचकांचाही, यात संबंध आहे.

कामाच्या परिस्थितीविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे, कारण बाहेरच्यांना 'स्वच्छ खोली' म्हटली की ती सुखाची जागा वाटते. गिरणीतल्या कापसाच्या पुंजक्यांपेक्षा ती खचित बरी. हवा गाळून सोडलेली, जमीन लखलखीत. परंतु ती स्वच्छता मालासाठी असते. माणूस हा तेथे धुळीचा सर्वांत मोठा कारखाना समजला जातो, म्हणून त्याला डोक्यापासून पायापर्यंत झाकतात. टोपी, मुखपट्टी, झगा, हातमोजे, जोड्यांवर आवरण. बांगडी नाही, कुंकू नाही, पाण्याचा घोट नाही. बाहेर जावयाचे तर हे सारे उतरवावयाचे आणि परतताना पुन्हा चढवावयाचे. त्यात जाणारा वेळ उत्पादनातून कापला जातो म्हणून मुली सकाळपासून पाणीच कमी पितात. त्याचे पुढे काय होते ते वाचकांतील डॉक्टरांनी सांगावे. पाळीअखेर हातमोजे काढल्यावर बोटांची कातडी भिजून पांढरी पडलेली असते. ती आम्ही त्या रात्री जेवणाच्या पानावर पाहिली.

याहून गंभीर गोष्ट निर्जंतुकीकरणाची. प्लास्टिकचा पुष्कळसा माल उष्णता सोसत नाही. तो इथिलीन ऑक्साइड नावाच्या वायूत ठेवून जंतुरहित करतात. या वायूस रंग नाही. त्याचा वास माणसास येतो तो हवेच्या दहा लाख भागांत वायूचे काहीशे भाग झाल्यावर. आणि अमेरिकेने १९८४ साली कामगारांसाठी घालून दिलेली आठ तासांची मर्यादा आहे दहा लाखांत एक भाग. म्हणजे वास आला तेव्हा फार उशीर झालेला असतो. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९४ मध्ये हा वायू माणसास कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात घातला. शिकागोनजीकच्या विलोब्रुक येथील असे एक केंद्र रहिवाशांच्या आंदोलनानंतर २०१९ मध्ये बंद झाले. सगळा माल या वायूवरच अवलंबून ठेवावा लागतो असेही नाही. ज्या मालास चालते त्याच्यासाठी गॅमा किरणांचा मार्ग आहे, आणि आपल्या ट्रॉम्ब्यास आयसोमेड हे त्याचे केंद्र १९७४ सालीच सुरू झाले. परंतु वायू वापरावयाचाच तर मोजमाप, वायुवीजन आणि कामगाराच्या प्रकृतीची नोंद या तीन गोष्टींना पर्याय नाही. भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली ती यासाठीच. हा रोग वर्षानुवर्षे दबा धरून बसतो. तो प्रकट होईल तेव्हा त्या मुलीने कोणत्या सात महिन्यांचे, कोणत्या ठेकेदाराचे पत्र डॉक्टरांपुढे ठेवावयाचे?

ही भीती काल्पनिक नाही. कोडाईकनाल येथे पाऱ्याचे तापमापक बनविण्याचा कारखाना होता. अमेरिकेतील वॉटरटाउनहून तो १९८३ च्या सुमारास तेथे आणण्यात आला आणि पुढे आपल्या मुंबईत मुख्य कचेरी असलेल्या हिंदुस्थान लिव्हरच्या ताब्यात गेला. पाऱ्याने दूषित झालेली फुटकी काच भंगारात सापडल्यावर मार्च २००१ मध्ये तो बंद झाला. तेथील माजी कामगार २००६ साली मद्रास उच्च न्यायालयात गेले. तडजोड झाली मार्च २०१६ मध्ये, ५९१ माजी कामगारांशी. मध्ये पंधरा वर्षे उलटली. आणि त्यांना निदान 'माजी कामगार' हे नाव तरी होते, एका कारखान्याचे म्हणून ते एकत्र येऊ शकले. सात महिन्यांच्या मुली कोणाच्या माजी म्हणून एकत्र येणार?

गिरगावच्या पलीकडे लालबाग-परळ सुरू होते. तेथील जुन्या माणसांना बदली कामगार ही संस्था आठवत असेल. १९३५ साली गिरणीमालकांच्या संघाने बदल्यांना कार्डे देण्यास आरंभ केला. सकाळी दारात उभे राहावे, जागा असेल तर आत जावे, नसेल तर परत यावे. फार अपमानाचे जिणे होते ते. १९८२ च्या संपात अडीच लाखांच्या घरात कामगार उतरले त्यामागे अशा अपमानांचाही वाटा होता. पण त्या बदल्याच्या हातात गिरणीचे कार्ड होते आणि रांगेत त्याचा क्रमांक होता. आज ना उद्या खाते आपले होईल, या आशेवर तो मुलांची लग्ने ठरवीत असे. वसईपलीकडच्या त्या चकचकीत इमारतीत रांगच नाही.

मालकांची बाजू आम्हांस ठाऊक नाही असे नाही. निविदेत सर्वांत कमी दराच्याच मालास ऑर्डर मिळते. परदेशी माल स्वस्त येतो. मागणी कधी चढते, कधी कोसळते. २०२० च्या साथीत हे सर्वांनी पाहिले. लहान कारखानदाराच्या डोक्यावर कर्ज असते आणि बिले महिनोन् महिने थकतात. हे खरे मानूनही एक प्रश्न उरतोच. राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१८ मध्ये दिल्ली परिसरातील चार खासगी रुग्णालयांची बिले तपासली, तेव्हा औषधे आणि वापरून टाकावयाच्या वस्तू यांवर काही बाबतींत १,७३७ टक्क्यांपर्यंत नफा घेतल्याचे आढळले. तेव्हा या धंद्यात पैसा नाही असे कोणी आम्हांस सांगू नये. तो खाटेपाशी येऊन थांबतो, बाकापर्यंत पोहोचत नाही.

आता थोडे आपल्याविषयी, म्हणजे या पत्राच्या वाचकवर्गाविषयी. कारखान्यात मुलगा जातो म्हटले की आपल्या घरांत अजून आवाज खाली येतो. प्रिन्सेस स्ट्रीटवरील शस्त्रक्रियेच्या मालाच्या दुकानांतून औषधविक्रेत्यांची बॅग घेऊन फिरणे बरे, पण माल बनविणे नको, ही आमची रीत. शाळेत आम्हीही हुशार मुलांना कचेरीची वाट दाखविली आणि बाकीच्यांना 'हाताचे काम बघा' म्हणून सांगितले. हा दोष आमच्या पदरी आहेच. वस्तुतः या धंद्यात बुद्धीला वाव केवढा आहे! भिंगाच्या बाकापासून तपासनीस, तेथून गुणवत्ता विभाग, तेथून प्रक्रियेची सिद्धता तपासणारे आणि परवान्याचे शास्त्र जाणणारे तज्ज्ञ, अशी चढती पायरी येथे असू शकते. पुण्याच्या मायलॅबमध्ये मीनल दाखवे-भोसले यांच्या गटाने करोनाचा चाचणीसंच सुमारे सहा आठवड्यांत सिद्ध केला आणि मार्च २०२० मध्ये, स्वतःच्या बाळंतपणाच्या आदल्या दिवशी, त्यांनी तो परीक्षणास सादर केला. मात्र अशी पायरी चढावयास पहिल्या पायरीवर पाय टिकावा लागतो. आणि पायरी आपल्या शहरात राहावीही लागते. अल्फा एक्स-रे आणि मेडिट्रॉनिक्स या क्ष-किरण यंत्रे बनविणाऱ्या दोन मुंबईकर कंपन्या २००८ मध्ये फिलिप्सने विकत घेतल्या आणि त्या व्यवसायाचे केंद्र पुढे चाकणला उभे राहिले. चाकणही महाराष्ट्रातच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण गिरगावातल्या पदविकाधारकाला आता शहरात उरली आहे ती विक्रीची बॅग किंवा पहाटेची विरार गाडी. राज्य सरकारची २०२४ ची युवा कार्य प्रशिक्षण योजना पदविकाधारकास महिना ८,००० रुपये विद्यावेतन देते. तीही मुदतीची. मुदत संपल्यावर काय, याचे उत्तर योजनेत नाही.

उपाय दिल्लीत शोधण्याआधी मुंबईत शोधावा असे आम्हांस वाटते. केईएम, नायर, शीव, कूपर या रुग्णालयांसाठी मुंबई महानगरपालिका दरवर्षी प्रचंड प्रमाणात असा माल विकत घेते. निविदेत परवाना मागते, नमुने मागते, उलाढालीचा दाखला मागते. मग तपासणीच्या बाकावरील माणसांपैकी किती जण एक वर्षाहून अधिक काळ त्याच कामावर आहेत, याचा दाखला मागावयास कोणता कायदा आड येतो? दर दोन पैशांनी वाढेल. तेवढे या शहराने सोसावेत. 'अ' आणि 'ब' वर्गांतील उपकरणांचे उत्पादन परवाने राज्याचे अन्न व औषध प्रशासन देते. त्याच्या तपासनीसांनी प्रशिक्षणाची वही पाहताना त्या वहीतील नावे सहा महिन्यांनी हजेरीपटावर आहेत का, एवढे पडताळून पाहिले तरी पाचव्या परिशिष्टातील 'अनुभव' या शब्दाला अर्थ येईल. आणि ठेकेदार बदलला तरी कामाचे दिवस आणि प्रकृतीची नोंद कामगाराबरोबर चालत जावी; बदल्याच्या कार्डाने १९३५ मध्ये जे साधले ते आज संगणकास अवघड जाऊ नये. महापालिका आयुक्तांनी यांपैकी पहिली गोष्ट पुढच्या निविदेच्या वेळी करून दाखवावी, अशी आमची त्यांना जाहीर विनंती आहे.

त्या घरातील कालनिर्णयावरचे लाल वर्तुळ पुढल्या महिन्यातल्या एका शुक्रवारभोवती आहे. तोवर मुलगी रोज पहाटे चर्नी रोडला जाते. तिच्या बाकावर सध्या दोन नव्या मुली बसविल्या आहेत. एक सफाळ्याची आहे, एक नालासोपाऱ्याची, आणि दोघींनाही अजून सगळ्या सुया सारख्याच दिसतात.